घरच्या नॅसचा बाह्य डिस्कवर बॅकअप: दोन डिस्क असूनही फोल्डर गेला, आता पुढे काय करावे?

कऱ्हाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी चार वर्षांपासून सिनॉलॉजी कंपनीचे दोन कप्प्यांचे नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी, आहे. त्यात चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क रेड १ पद्धतीने बसवल्या आहेत, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिले जाते ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिले जाते. २००४ पासूनचे घरचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, घराच्या आणि जमिनीच्या कागदपत्रांचे स्कॅन, आजीच्या ओव्यांच्या वहीची छायाचित्रे आणि आजोबांच्या कीर्तनांच्या २२ कॅसेटींवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण असे सगळे मिळून २.६ टेराबाइट साहित्य त्यावर आहे. दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहेच, अशी माझी इतके दिवस समजूत होती.

गेल्या महिन्यात आवराआवर करताना ‘कीर्तने_जुनी’ हा फोल्डर दुहेरी प्रत असेल असे समजून मी लॅपटॉपवरून पुसून टाकला. प्रत्यक्षात तीच मूळ प्रत होती. ‘कीर्तने_नवी’ मध्ये फक्त आवाज साफ करून ठेवलेली चार कीर्तने होती. हे माझ्या लक्षात आले ते तीन दिवसांनी. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे मला तेव्हा कळले, आणि नॅसवर त्या फोल्डरसाठी असलेली रिसायकल बिनची सोय मी कधी सुरूच केली नव्हती. दोन्ही डिस्कवरून फोल्डर एकाच क्षणी गेला.

सोलापूरच्या मावसभावाकडे नऊ कीर्तने एमपी३ स्वरूपात मिळाली. उरलेली नऊ आता कॅसेटवरून पुन्हा उतरवावी लागणार आहेत, आणि त्यांतल्या दोन कॅसेटींच्या फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. आजोबा १९९१ मध्ये गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

पाच टेराबाइटची यूएसबीवर चालणारी पोर्टेबल डिस्क मी कालच आणली आहे. ती कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावी, कोणता प्रोग्राम वापरावा, नॅसला कायम जोडून ठेवावी की काढून ठेवावी, आणि उद्या नॅसच बंद पडले तर त्या डिस्कवरचे साहित्य उघडायचे कसे, हे मला समजून घ्यायचे आहे.

---

निशिगंध

ताई, वाचून फार वाईट वाटले. पहिली गोष्ट आजच करा. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रत्येक सामायिक फोल्डरच्या सेटिंगमध्ये रिसायकल बिन सुरू करण्याची खूण असते, ती सगळ्या फोल्डरांना लावा. ही सोय म्हणजे बॅकअप नव्हे, पण आवराआवरीतल्या चुकीला ती पहिली आडकाठी ठरते.

पुसलेल्या फाईली परत मिळवण्याविषयी मी खोटी आशा दाखवणार नाही. तीन दिवस नॅस सुरू होते, फोनमधले फोटो त्यावर चढत होते, त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर नवे काही लिहिले गेले असण्याची शक्यता बरीच आहे. तरीही तुमच्या दृष्टीने ते अमूल्य असेल तर नॅस लगेच बंद करून जाणकाराला दाखवा. चालू ठेवून प्रयोग करत बसू नका.

---

सह्यकडा

तुमच्या पहिल्या तीन प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो, कारण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः याच टप्प्यावर होतो.

आधी रेडविषयी. आरशासमोर उभे राहून तुम्ही हातातली वस्तू खाली टाकली तर आरशातलीही पडते. रेड १ हे फक्त एका प्रसंगासाठी आहे: दोनपैकी एक डिस्क मेली तरी काम न थांबता नवी डिस्क बसवता यावी. चुकून पुसणे, फाईल बिघडणे, व्हायरस, चोरी, विजेचा लोळ, आग, पाणी यांपैकी कशालाही तो उपाय नाही. नॅसवरचे स्नॅपशॉट, म्हणजे फोल्डर ठरावीक क्षणी जसा होता त्याची नॅसवरच ठेवलेली नोंद, हेही पूर्ण बॅकअप नव्हेत. तुमच्या नॅसवर बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली मांडण्याची पद्धत) असेल तर स्नॅपशॉट जरूर लावा, चुकून पुसलेला फोल्डर त्यातून मिनिटभरात परत येतो. पण स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर राहतात हे विसरू नका.

आता फॉरमॅट, म्हणजे बाह्य डिस्कवरची फाईल सिस्टीम. नवी डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये येते. ती नॅसला जोडून कंट्रोल पॅनेलच्या बाह्य उपकरणांच्या भागातून ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून घ्यावी असे माझे मत आहे, अर्थात तिच्यावर आधीचे काही असेल तर ते पुसले जाईल याचे भान ठेवून. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू लिहिण्याची नोंदवही, नसते. लिहिणे चालू असताना वीज गेली किंवा कोणी वायर ओढली तर ईएक्सटी४ आपल्या नोंदवहीवरून अर्धवट राहिलेला व्यवहार निस्तरते. एक्सफॅटला तशी नोंदवहीच नसते. शिवाय कोणत्या फाईलवर कोणाचा हक्क आहे ही माहिती एक्सफॅटमध्ये टिकत नाही. जुनी फॅट३२ डिस्क घरात पडलेली असेल तर ती या कामाला घेऊच नका, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही आणि मुलांचे बरेच व्हिडिओ त्याहून मोठे असतील.

प्रोग्रामच्या बाबतीत सिनॉलॉजीवर दोन सरळ मार्ग आहेत. हायपर बॅकअप हा पहिला. तो फाईलींच्या आवृत्त्या ठेवतो, म्हणजे कालचा, गेल्या आठवड्यातला, तीन महिन्यांपूर्वीचा फोल्डर जसा होता तसा मागता येतो. प्रत्येक वेळी सगळे पुन्हा न लिहिता फक्त बदललेला भाग लिहिला जातो. तुमचे बहुतेक साहित्य फोटो आणि ध्वनिमुद्रण असल्यामुळे ते एकदा लिहिले की बदलत नाही, तेव्हा ५ टेराबाइटमध्ये वर्षानुवर्षांच्या आवृत्त्या आरामात मावतील. जुन्या आवृत्त्या काढून टाकण्यासाठी ‘स्मार्ट रिसायकल’ निवडावे: शेवटच्या दिवसाच्या तासागणिक, महिन्याभराच्या दिवसागणिक आणि त्याआधीच्या आठवड्यागणिक आवृत्त्या तो राखतो.

दुसरा मार्ग यूएसबी कॉपीचा. यात फाईली साध्या फाईली म्हणूनच डिस्कवर उतरतात आणि कोणत्याही संगणकावर उघडतात. त्यात ‘मिररिंग’ हा पर्याय मात्र निवडू नका. मूळ ठिकाणी पुसलेली फाईल तो प्रतीतूनही पुसतो, म्हणजे आपण पुन्हा आरशासमोर. ‘इन्क्रिमेंटल’ निवडल्यास नवे आणि बदललेले तेवढे डिस्कवर जाते आणि जुने पुसले जात नाही.

आणि डिस्क थेट नॅसच्या यूएसबी पोर्टला लावा, तेही तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या. लॅपटॉपला डिस्क लावून वायफायवरून फाईली ओढणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. त्यात वेळ जातो आणि लॅपटॉप झोपला की काम अर्धवट राहते. यूएसबी ३ वर पोर्टेबल डिस्क सेकंदाला साधारण ११० एमबी लिहिते असे धरले तर तुमचे २.६ टेराबाइट साडेसहा-सात तासांत उतरतील. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर तोच वेग ३५ च्या आसपास येतो आणि हेच काम वीस तासांवर जाते. प्रत्यक्षात छोट्या फाईली जास्त असतील तर याहून वेळ लागेल. पहिला बॅकअप रात्री लावा.

कायम जोडून ठेवावी का, याचे उत्तर ठामपणे ‘नाही’. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसमध्ये शिरून लोकांच्या फाईली सेव्हन-झिपने पासवर्ड लावून कोंडल्या आणि प्रत्येकाकडे ०.०१ बिटकॉइन मागितले. त्याआधी २०१४ मध्ये सिनोलॉकरने सिनॉलॉजीच्या यंत्रांवर असाच घाला घातला होता. नॅसवर पूर्ण ताबा मिळवणाऱ्या प्रोग्रामच्या दृष्टीने जोडलेली बाह्य डिस्क म्हणजे आणखी एक फोल्डर. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत मात्र तो पोहोचू शकत नाही.

---

कऱ्हाकाठ

सह्यकडा, मनापासून आभार. आरशाचे उदाहरण घरात सगळ्यांना वाचून दाखवले. डिस्क जोडून लगेच ओढून काढली तर चालते का? आणि डिस्कवर कागदपत्रांचे स्कॅनही जाणार आहेत, तर एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असे कुलूप) लावावे का?

---

सह्यकडा

ओढून काढू नका. लिहायचे राहिलेले काही नॅसच्या मेमरीत असू शकते. आधी ‘इजेक्ट’ करा, दिवा शांत होऊ द्या आणि मग वायर काढा. हायपर बॅकअपच्या कामाच्या सेटिंगमध्ये बॅकअप यशस्वी झाल्यावर डिस्क आपोआप इजेक्ट करण्याचा पर्याय आहे, तो लावून ठेवा. तरीही वायर हाताने काढायचीच आहे, कारण विजेच्या धक्क्याला डिस्क इजेक्ट केलेली आहे की नाही याच्याशी काही देणेघेणे नसते.

एन्क्रिप्शनविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे.

---

वाशिष्ठी

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले ते पहाटेच्या सुमारास, आणि सामान उचलायला जेमतेम अर्धा तास मिळाला. आम्ही गॅस सिलिंडर, धान्य आणि आईची औषधे माडीवर नेली. माझा संगणक टेबलावर होता आणि त्याचा बॅकअप असलेली बाह्य डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. मी बॅकअप दर रविवारी न चुकता घेत होतो. पाणी ओसरल्यावर दोन्ही एकाच गाळात सापडल्या.

ती डिस्क मी स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवली आणि पाच दिवसांनी वीज दिली. हे करू नये असे नंतर कळले. गाळ आत गेलेल्या डिस्कला वीज दिली की आतल्या तबकड्यांवर ओरखडे उठू शकतात आणि मग तज्ज्ञालाही हाती काही लागत नाही. मी ज्यांच्याकडे नेली त्यांनी उघडून पाहिले आणि परत दिली. भावाच्या लग्नाचे फोटो गेले, ते लग्नाला आलेल्या पाहुण्यांच्या फोनमधून थोडेफार जमवले.

म्हणून ताई, माझे सांगणे एवढेच की पाच टेराबाइटची आणखी एक डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या गावी ठेवा. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम म्हणतात तो हाच: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. आपल्याकडे लोक पहिल्या दोन आकड्यांवर थांबतात.

कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. पावसाळ्यात चार महिने कपाटात बंद राहिलेल्या डिस्कच्या जोडणीच्या टोकांवर ओलाव्याने थर धरतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात डिस्क ठेवा आणि पुड्या गुलाबी पडल्या की बदला.

---

ओवी

मी एका शैक्षणिक संस्थेत सर्व्हर सांभाळते आणि घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही त्याला नॅस बनवणारी प्रणाली चालवते. दोन मुद्दे मांडते.

एन्क्रिप्शन घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला हवेच, विशेषतः ओळखपत्रे आणि मिळकतीची कागदपत्रे तीवर असतील तेव्हा. हायपर बॅकअपमध्ये ते काम तयार करतानाच निवडावे लागते, नंतर लावता येत नाही. त्या वेळी पासवर्ड विचारला जातो आणि एक किल्लीची फाईल संगणकावर उतरते. पासवर्ड आणि ती फाईल दोन्ही हरवल्या तर तुमची डिस्क तुमच्यासाठीही कायमची बंद झाली. किल्लीची फाईल नॅसवर ठेवू नका; नॅस गेल्यावर ती लागणार आहे. पासवर्ड कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीला त्याची जागा दाखवून ठेवा. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात वडिलांच्या पश्चात त्यांची डिस्क आजही कपाटात आहे, कारण पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक होता.

दुसरा मुद्दा सिनॉलॉजी नसलेल्यांसाठी. १९९६ पासून वापरात असलेला आरसिंक हा प्रोग्राम जवळजवळ प्रत्येक नॅसवर मिळतो आणि याच कामासाठी मी तो वापरते. त्याच्या ‘लिंक-डेस्ट’ पर्यायाने तारखेचा नवा फोल्डर तयार होतो, न बदललेल्या फाईली मागच्या फोल्डरशी हार्ड लिंकने (त्याच फाईलला दिलेल्या दुसऱ्या नावाने) जोडल्या जातात आणि प्रत्येक तारखेचा फोल्डर पूर्ण दिसत असूनही जागा मात्र फक्त नव्या फाईलींची लागते. यासाठी डिस्क ईएक्सटी४ हवी, एक्सफॅटमध्ये हार्ड लिंक नसतात.

मात्र आरसिंकमध्ये दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडले आहे. बाह्य डिस्क नीट माउंट झाली नसेल, म्हणजे यंत्राला फोल्डर म्हणून जोडली गेली नसेल, तर तिच्या नावाचा फोल्डर हा यंत्राच्या आतल्या कार्डावरचा साधा रिकामा फोल्डर असतो. आरसिंक निमूटपणे त्यात लिहीत जातो, काही मिनिटांत कार्ड भरते आणि रास्पबेरी पाय अडकून पडतो. याच्या उलट, मूळ डिस्क माउंट झाली नसेल आणि ‘डिलीट’ पर्याय लावलेला असेल तर मूळ जागा रिकामी आहे असे समजून तो बॅकअप पुसायला घेतो. तेव्हापासून मी दोन्ही डिस्कवर ‘हजर’ नावाची एक छोटी फाईल ठेवली आहे. स्क्रिप्ट आधी त्या दोन्ही फाईली शोधते, एक जरी दिसली नाही तरी काम थांबवते आणि मला मेल पाठवते. नवी आज्ञा लिहिली की ती आधी ‘ड्राय-रन’ लावून चालवते, म्हणजे काय लिहिले जाईल आणि काय पुसले जाईल याची यादी दिसते आणि प्रत्यक्षात काहीही हलत नाही.

---

निशिगंध

डिस्कचा हा सगळा व्याप करण्यापेक्षा सगळे क्लाउडवर का ठेवू नये, असा प्रश्न मला पडतो. घराबाहेरच्या प्रतीची अटही त्यात आपोआप पूर्ण होते.

---

ओवी

निशिगंध, क्लाउडला माझा विरोध नाही, पण हिशोब पाहा. अपलोडचा वेग सेकंदाला ४० मेगाबिट मिळाला तर २.६ टेराबाइट चढायला अखंड सहा दिवस लागतात, आणि संकटाच्या वेळी तेवढे सगळे परत उतरवावे लागते. शिवाय एवढ्या जागेचे भाडे दर वर्षी भरत राहावे लागते आणि ते थकले की प्रत जाते. मी स्वतः मधला मार्ग धरला आहे. जे पुन्हा मिळणारच नाही असे थोडके साहित्य निवडून तेवढेच एन्क्रिप्ट करून क्लाउडवर ठेवते. कऱ्हाकाठ ताईंच्या बाबतीत तासाभराच्या कॅसेटची वेव्ह फाईल ६०० एमबीच्या आसपास धरली तर २२ कॅसेटी १३-१४ जीबीत बसतात. वहीची छायाचित्रे आणि कागदपत्रे धरूनही हा भाग फार मोठा होणार नाही. बाकीचे अडीच टेराबाइट डिस्कवरच बरे.

---

कऱ्हाकाठ

सर्वांचे ऐकून काम सुरू केले आहे. डिस्क ईएक्सटी४ केली, हायपर बॅकअपमध्ये एन्क्रिप्शनसह काम तयार केले आणि रात्री नऊला सुरू केले. पहिले दोन तास वेग १०० च्या वर होता. सकाळी पाहते तो वेग २५-३० एमबीवर आलेला आणि काम ६२ टक्क्यांवर. डिस्क हाताला चांगलीच गरम लागते आहे. डिस्क सदोष तर नाही ना?

---

सह्यकडा

बहुधा नाही. दोन कारणे संभवतात. एक म्हणजे मोठे व्हिडिओ संपून हजारो छोट्या फोटोंची पाळी आली असेल. दुसरे म्हणजे या आकाराच्या पोर्टेबल डिस्कमध्ये सर्रास वापरली जाणारी एसएमआर पद्धत. हिच्यात लिहिण्याच्या पट्ट्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवून मांडलेल्या असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त मजकूर बसतो. मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली कौलेही उचलून पुन्हा बसवावी लागतात. डिस्क आधी येणारा मजकूर एका वेगळ्या राखीव भागात पटकन उतरवून घेते, तो भाग भरला की कौले बसवण्याचे काम सुरू होते आणि वेग कोसळतो. २०२० मध्ये यावरून बराच गदारोळ झाल्यावर कंपन्यांनी कोणत्या मॉडेलमध्ये ही पद्धत आहे त्याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. नॅसच्या आत बसवायला एसएमआर डिस्क घेऊ नये, पण कधीतरी जोडायच्या बॅकअपला ती चालते. पहिला बॅकअप संथ होईल, पुढचे काही मिनिटांत होतील. डिस्क आडवी, मोकळ्या हवेत ठेवा. नॅसच्या डोक्यावर ठेवू नका.

खात्री हवीच असेल तर काम संपल्यावर डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहा. पुनर्नियुक्त सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि प्रलंबित सेक्टर (संशयित जागा) हे दोन आकडे शून्य असतील तर बहुधा काळजीचे कारण नाही. ते दर महिन्याला वाढताना दिसले तर डिस्क बदला.

---

ओवी

आणि काम संपल्याची हिरवी खूण दिसली म्हणजे बॅकअप झाला असे कृपया समजू नका. त्या डिस्कवरून किमान एक फोल्डर परत आणून उघडून पाहा, तेही नॅसच्या मदतीशिवाय. तुमचा चौथा प्रश्न तोच होता. हायपर बॅकअप एक्सप्लोरर हा सिनॉलॉजीचा मोफत प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. विंडोज ईएक्सटी४ डिस्क स्वतःहून वाचत नाही, म्हणून पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक मोफत प्रकार) घालून कोणताही जुना लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि तिथे हा प्रोग्राम वापरा.

---

कऱ्हाकाठ

उशिरा लिहीत आहे, पण आता सांगण्यासारखे बरेच आहे.

पहिला बॅकअप एकूण २३ तासांत पूर्ण झाला. त्यानंतर ओवी यांनी सांगितल्याप्रमाणे मुलाचा जुना लॅपटॉप उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला, नॅसची वायर मुद्दाम काढून ठेवली आणि डिस्क लॅपटॉपला लावली. पासवर्ड कागदावरून पाहून टाकला. पहिल्या प्रयत्नात तो चुकला, कारण कागदावरचे माझ्याच अक्षरातले शून्य मला ओ वाटले. आता कागदावर शून्याला आडवी रेघ दिली आहे. मग सोलापूरहून आलेले एक कीर्तन उतरवून घेतले आणि लावले. सुरुवातीचा टाळांचा आवाज, आजोबांचे खाकरणे आणि मग ‘जय जय रामकृष्ण हरी’. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि कीर्तन संपेपर्यंत दारातच उभी राहिली.

पण या तपासणीत एक मोठी चूक सापडली. आईच्या फोनमधले फोटो बॅकअपमध्ये नव्हतेच. आम्ही सिनॉलॉजी फोटोज वापरतो आणि त्यात प्रत्येकाचे वैयक्तिक फोटो ‘होम्स’ नावाच्या सामायिक फोल्डरमध्ये त्या त्या वापरकर्त्याच्या नावाखाली जातात. मी काम तयार करताना ‘फोटो’ नावाच्या फोल्डरला खूण केली होती आणि सगळे फोटो त्यातच आहेत असे धरून चालले होते. ‘होम्स’ ला खूण केल्यावर आणखी १८० जीबी डिस्कवर गेले. नुसत्या हिरव्या खुणेवर विसंबले असते तर आईचे तीन वर्षांचे फोटो बाहेरच राहिले असते.

दुसरी डिस्कही घेतली. तिच्याबाबत मात्र मी थोडा वेगळा निर्णय घेतला आहे. नाशिकच्या बहिणीला उबुंटू वगैरे काही जमणार नाही, म्हणून तिच्याकडच्या डिस्कवर यूएसबी कॉपीने इन्क्रिमेंटल पद्धतीने साध्या फाईली उतरवल्या आहेत, एक्सफॅटमध्ये, म्हणजे तिच्या लॅपटॉपवर सरळ उघडतील. कागदपत्रांचा फोल्डर त्यातून वगळला आहे. तो ओवी यांच्या सल्ल्याप्रमाणे एन्क्रिप्ट करून कीर्तनांसह क्लाउडवर गेला आहे. दर तीन महिन्यांनी बहीण इकडे येते किंवा आम्ही तिकडे जातो, तेव्हा ती डिस्क आणून अद्ययावत करायची असे ठरले आहे. घरच्या डिस्कवरचा बॅकअप दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घ्यायचा. या निर्णयात काही चुकत असेल तर सांगावे.

---

ओवी

चुकत काही नाही, उलट दोन डिस्कवर दोन निरनिराळ्या पद्धती असल्यामुळे एका प्रोग्राममध्ये दोष निघाला तरी दुसरी प्रत सुरक्षित राहते. फक्त एक लक्षात ठेवा: एक्सफॅट डिस्कला जर्नल नसल्यामुळे तिच्यावर लिहिणे चालू असताना नॅस इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असू द्या. आणि हायपर बॅकअपमध्ये बॅकअपची अखंडता तपासण्याची सोय आहे, ती सहा महिन्यांतून एकदा चालवा. तिला तास लागतात, पण न वापरलेल्या डिस्कवरचा एखादा भाग गुपचूप खराब झाला असेल तर तो तिथेच उघडकीला येतो.

---

वाशिष्ठी

ताई, नाशिकच्या डिस्कच्या डब्यावर काय आहे ते लिहून चिकटवा. आपल्यानंतर ती हातात घेणाऱ्याला ती कसली आहे हे कळले पाहिजे. आमच्या घरी पुरानंतर माडीवर तीन जुन्या डिस्क सापडल्या, कशात काय आहे हे कोणालाच सांगता येईना, आणि त्यातली एक पुतण्याने गेमसाठी फॉरमॅट केली.

---

कऱ्हाकाठ

वाशिष्ठी काका, कालच चिकटवली. मुलीकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतली आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावली. मजकूर असा आहे:

‘या डिस्कवर आपल्या घरचे फोटो, आजीच्या ओव्यांची वही आणि आजोबांची कीर्तने आहेत. कोणत्याही लॅपटॉपला लावल्यास उघडते. फॉरमॅट करू नये. पुसायचे असेल तर आधी मोठ्या मावशीला फोन करावा. शेवटचा बॅकअप:’

त्यापुढची जागा पेन्सिलीने तारीख लिहिण्यासाठी रिकामी ठेवली आहे. बुरशी आलेल्या दोन कॅसेटींपैकी एकीची फीत नव्या कवचात घालून काल रात्री पूर्ण वाजली. दुसरी अजून बाकी आहे.